सावधान उभा आकडा

लालासाहेब फौजेतनं सुभेदार होऊन परतले आणि उंब्रजच्या शिवारात गुऱ्हाळ टाकलं. कवायत काही सुटली नाही. गूळ करायचा नाथाजी. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटानं गोळी वळायची आणि म्हणायचं, "काढा." सुभेदारांना ते खुपायचं. "बोटाला डिग्री कळती व्हय?"

म्हणून मला बोलावलं. मी सबा. जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरता भरता इलेक्ट्रॉनिक्स शिकले. कॉलेज बघितलं नाही, त्याची लाजही नाही. रस उकळायच्या काहिलीत तापमानाचा सेन्सर सोडला. त्याचा सिग्नल मुंगीच्या आवाजाएवढा, म्हणून ॲम्प्लिफायर लावला आणि आकडा दाखवणारा डबा बसवला. तर चरकाची मोटार चालू झाली की आकडा नव्वदावरनं दीडशेवर उड्या मारायचा. मोटारीची गडबड अडवायला जाळीची वायर घातली, छोटा फिल्टर टाकला. आता जेमतेम एखादी डिग्री हलायचा.

सुभेदार खवळले. "हलतोय की अजून!"

"आवं, पाक उकळतोय. आकडा हलणारच."

"परवा शिराळ्याचं पाव्हणं येणार. आकडा सावधानमधी पायजे. एकदा उभा ऱ्हायला, की नाथाजीला कायमची सुट्टी."

हे मला आधी सांगितलं नव्हतं. डोकं फिरलं. "मोठा कपॅसिटर टाकला तर थांबंल. पर खरा आकडा उशिरा येईल."

"येऊ दे उशिरा. सरळ उभा ऱ्हायला पायजे!"

घे मग. अंगठ्याएवढा कपॅसिटर डकवला.

पाव्हणे आले. आकडा पुतळ्यासारखा. "फौजी दिसतोय गड्या," पाव्हणे म्हणाले. सुभेदारांची छाती फुगली. तोवर नाथाजीनं गोळी वळली. "काढा!"

"एकशे बारा!" सुभेदार गरजले. "एकशे अठराशिवाय कुणी हात लावायचा न्हाई."

"सायेब, करपंल."

"ऑर्डर हाय!"

नाथाजी बाजूला जाऊन तंबाखू मळत बसला. धूर निघाला. पाव्हण्यांनी नाकाला रुमाल लावले. मग आकडा ऐटीत एकशे अठरावर आला. "काढा!" सुभेदार ओरडले. काय काढता? गावातले खड्डे बुजवायचं डांबर झालं होतं.

"तुझा डबा खोटं बोलतोय!"

"तीन मिनिटांमागचं खरं बोलतोय. तुमीच थांबवलाय त्याला."

मी कपॅसिटर कापला. आकडा परत हलायला लागला.

सुभेदारांनी घसा खाकरला. "नाथाजी, उद्या कवा येतोस रं?"

"येतो. पर काहिलीपाशी मी, डब्यापाशी तुमी."

दुसऱ्या दिवशी मी गेले तर सुभेदार डब्यासमोर ताठ उभे. "एकशे सतरा! न्हाई, सोळा! सतरा!"

नाथाजीनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. गोळी वळली.

"काढा."

चौघा गड्यांनी काहील उचलली. सुभेदार अजून आकडेच सांगत होते.