एकशे ऐंशी ग्रॅम

...आठ पाय. भिंगाखाली ते कसे रुंद, चांदीसारखे चकचकीत दिसत होते, आणि भिंग बाजूला केलं की सगळी चिप मिळून मसुरीच्या दाण्याएवढी. तिच्यात भरायचा प्रोग्राम तोच लिहायचा; तिच्या पाठीवरचा नंबर त्याला पाठ होता. तरी तो परत परत वाचत होता, कारण भिंगातून मान वर काढली की समोर मावशींचं टेबल होतं आणि टेबलाशी मावशी होत्या.

मावशी म्हणजे तपासणी विभाग. अख्खा विभाग एकटीचा. नवजात बाळांचे वजनकाटे इथं तयार व्हायचे. प्रत्येक काट्यावर पितळी वजनं ठेवायची, काटा किती चुकतो ते पाहायचं आणि तेवढी दुरुस्ती त्या काट्याच्या चिपमध्ये नोंदवायची, हे काम त्या बावीस वर्षं करत होत्या. वजन रुमालात धरायच्या. बोटांचा घाम लागला तर तेवढ्यानंही फरक पडतो म्हणायच्या, आणि पोरं हसायची. तोही हसला होता.

गेल्या महिन्यात सात काटे परत आले. एका इस्पितळात एक बाळ आहे त्याहून एकशे ऐंशी ग्रॅम जास्त भरत राहिलं. बाळानं अंग धरलं म्हणून सगळे खुशीत, आणि ते बिचारं तर वाळत चाललेलं. ‘बाळ आता सुखरूप आहे’ असं पत्राच्या शेवटी लिहिलं होतं. ते वाक्य त्यानं किती वेळा वाचलं, देव जाणे.

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, “मावशी, लक्ष कुठं असतं तुमचं?”

“चुकलं असेल, साहेब. डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत.”

आणि तो? तो तिसऱ्या खुर्चीत बसून पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. तेव्हा आपल्याला काही ठाऊक नव्हतं – असं तो स्वतःला सांगतो. नव्हतंच ठाऊक. नुसती शंका आली होती, आपल्याच कामाची, जिना उतरताना एक पायरी चुकावी तशी... पण शंकेवरून कुणी सभेत उठून बोलतं का? मोठा साळसूद!

त्या रात्रीच त्यानं शोधून काढलं होतं. या चिपवरचं एक अक्षर पुसता येत नाही. पाटीचा कोपरा पुसावा तसा अख्खा एक तुकडा पुसावा लागतो. तुकडा लहान घ्यायचा की सोळापट मोठा, हे ड्रायव्हरमधली, म्हणजे चिपशी बोलणाऱ्या प्रोग्राममधली, एक ओळ ठरवते. लहान तुकडे पुसत बसायला वेळ लागतो, म्हणून त्यानं मोठा निवडला. काट्यात नवा प्रोग्राम भरायला चाळीस सेकंद लागायचे, ते नवावर आले; साहेबांनी पाठ थोपटली, सगळ्यांना चहा पाजला. मावशींनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच मोठ्या तुकड्यात एका कोपऱ्यात काट्याचा आवाज किती ठेवायचा ते लिहिलेलं होतं, आणि शेजारीच मावशींनी नोंदवलेली दुरुस्ती. वॉर्डात कुणी नर्सबाईंनी, झोपलेली बाळं दचकू नयेत म्हणून, काट्याचा ‘टूं’ जरा कमी केला की सगळा तुकडा पुसला जायचा. आवाज परत लिहिला जायचा. दुरुस्ती नाही. मावशींच्या टेबलावर आवाज कमी करायचं कारणच नव्हतं, म्हणून तिथं प्रत्येक काटा पास.

रात्री शोधलं, तर सकाळी सांगायला हवं होतं. सकाळी साहेब बाहेरगावी होते. मग सुट्टी आली. मग इतके दिवस गप्प का बसलास, हे सांगावं लागलं असतं... दिवसांचा असा थर चढला की खालची चूक लहान वाटते आणि वरचं मौन मोठं.

“अरे, एवढं बघतोस का रे?” मावशी कधी जवळ आल्या कळलंच नाही. हातात कागद. “तुझं मराठी चांगलं आहे. चार वाजता साहेबांना द्यायचाय.”

त्यानं वाचलं. ‘माझ्या नजरचुकीमुळे एका बालकास त्रास झाला. तरी मला तपासणीच्या कामातून मुक्त करून पॅकिंगमध्ये घ्यावे, ही विनंती.’ अक्षर गोल, सुटं, रेघ न सोडणारं.

आता बोल. मावशी, चूक तुमची नाही... आणि तोंडातून बाहेर काय पडावं?

“तारीख राहिलीय, मावशी.”

“बघ! हेही सुटलं.” त्या हसल्या, ओशाळून. “म्हणून तर म्हणते, आता माझ्यावर भरवसा नको. त्या लेकराच्या आईला काय वाटलं असेल रे?” त्याच्याच पेनानं त्यांनी तारीख घातली. “तू होतास म्हणून बरं.”

वडील. वडिलांचं घड्याळ त्यानं लहानपणी उघडलं होतं, आतला बारीक स्क्रू फिरवून गुपचूप बंद केलं होतं. मग वडील रोज कामावर उशिरा पोहोचू लागले आणि आईला म्हणू लागले, माझंच काहीतरी बिनसलंय, हिशेब चुकतो वेळेचा. घड्याळावर त्यांनी कधी संशय घेतला नाही. मुलावर तर नाहीच. पुढं ते कुलूप लावूनही दोनदा ओढून बघायचे, जन्मभर... ते त्या घड्याळामुळेच असं कशावरून? तो हे स्वतःला विचारायचा, आणि उत्तराची वाट न बघता दुसरीकडे वळायचा.

त्यानं ड्रायव्हरमधली ओळ बदलली. लहान तुकडा. काट्याचा आवाज कमी केला, मावशींचं पितळी वजन रुमालात धरून ठेवलं. तीन हजार ग्रॅम, बिनचूक. बदलाचं कारण लिहायच्या चौकटीत बोटांनी आपसूक टाईप केलं – ‘किरकोळ साफसफाई’.

चारला दहा कमी होते. मावशी चष्मा पुसत होत्या, कागद समोर घडी घालून ठेवलेला. महिनाभर पाठीमागे पाऊल वाजलं की तो संगणकाचा पडदा झाकत आला होता. आत्ताही वाजलं, साहेबच होते, कुणाशी तरी फोनवर बोलत त्याच्या खुर्चीमागून चाललेले. त्याचा हात पडद्याकडे गेला नाही. थांबा, वाचा एकदा, असं त्याच्या मनात इतक्या जोरानं आलं की ते आपण मोठ्यानं बोललो की काय, असं त्याला वाटलं. पावलं पुढं गेली. ‘किरकोळ साफसफाई’ हे दोन शब्द तसेच पडद्यावर होते, आणि तो खुर्चीत अंग चोरून, कुणीतरी परत यावं म्हणून कान लावून बसला होता.