कडुबांच्या मागची गिटार

मी गिटार बोलतेय. सावकाश बोलेन, कारण हल्ली मी लवकर दमते. सकाळी लावलेल्या तारा दुपारपर्यंत उतरलेल्या असतात. तरी जे सांगायचं ते आजच सांगून टाकते.

माझा जन्म कलकत्त्याचा. माझ्या पोटाला इतर गिटारींसारखं गोल भोक नाही. व्हायोलिनला असतात तशा दोन्ही बाजूंना दोन वळणदार फटी आहेत. रेल्वेच्या पार्सलमधून, लाकडाच्या भुशात निजून मी औरंगाबादला आले. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. मोतीराम दाभाडे नावाच्या माणसानं मला दुकानातून उचललं आणि सायकलवर पुढं आडवी धरून मुकुंदवाडीला नेलं.

मोतीराम गायन पार्टीत वाजवायचे. जयंतीचा हंगाम सुरू झाला की महिना-दीड महिना आम्ही गावोगाव फिरत असू. आज फुलंब्री, उद्या पैठण, परवा एखादी वाडी. स्टेजवर ढोलकी, बेंजो, पेटी आणि पाच-सहा जणांचा कोरस. त्या दणक्यात माझा आवाज पोचावा म्हणून मोतीराम सहाही तारांवर हात आपटायचे. एक क्षण रिकामा सोडायचे नाहीत. कुणी म्हटलं, जरा हळू, तर म्हणायचे, "लोक कामावरून थकून येतेत. आपण थांबलो की त्यांचे डोळे मिटतेत."

त्यांचं खरं होतं. मी त्यांच्या हातून झिजले, पण त्यांच्यावर राग धरला नाही.

मुलाला, म्हणजे अतुलला, त्यांनी असंच वाजवायला शिकवलं. मग मोतीराम गेले. अतुल चिकलठाण्याच्या कारखान्यात मशीनवर लागला. पाळ्या बदलत राहिल्या, लग्न झालं, मुलगी झाली. मी कपाटावर गेले. तिथं अकरा वर्षं एका फुटक्या बॅगेशेजारी पडून होते. वर्षातून एकदा, जयंतीआधी घर झाडताना, अतुलची बायको रूपाली माझ्यावरची धूळ पुसायची आणि परत जागेवर ठेवायची. त्या अकरा वर्षांची तक्रार करणार नाही. सांगण्यासारखं त्यात काही घडलंच नाही.

मला खाली काढलं ते कडुबांमुळं.

कडुबा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. वय सत्तरीला टेकलेलं. एका लग्नात वरात पोचल्यावर बँडवाले जेवायला गेले आणि कडुबा एकटेच मांडवामागं खुर्ची घेऊन बसले. त्यांनी हळूच काहीतरी वाजवलं. ते सिनेमातलं नव्हतं, भजन नव्हतं. अतुल हात धुवायला आला होता, तो तिथंच थांबला. त्याच्या शेजारी आणखी एक जण थांबला होता, नवऱ्या मुलाचा मित्र मिहिर. पुंडलिकनगरमध्ये राहणारा, घरून कॉम्प्युटरवर नोकरी करणारा आणि बेस गिटार वाजवणारा.

"काका, हे जॅझ आहे," मिहिर म्हणाला. "कुठं शिकलात?"

"नाव नाय माहीत," कडुबा म्हणाले. "आमच्या बँडला एक गोव्याचे मास्तर होते. त्यांनी शिकिवलं. ते गेले अन् कुणाला ऐकायचंच नाय राहिलं."

मग बोलता बोलता ते म्हणाले, "पन्नास वर्षं चालत वाजिवलं. कुणाच्या तरी घोड्याच्या पुढं. एकदा बसून वाजवायचंय. आमच्या मंडळीला समोर बसवून. तिनं मला नीट ऐकलंच नाय कधी." थोडं थांबून म्हणाले, "पण दम ऱ्हायला नाय आता. लवकर काय ते करा."

हे सगळं अतुल घरी येऊन रूपालीला सांगत होता, तेव्हा मी कपाटावरून ऐकलं. त्याच दिवशी त्यानं मला खाली घेतलं. नव्या तारा घातल्या. तारा ताणताना माझी मान दुखली, पण अकरा वर्षांनी कुणीतरी गुडघ्यावर घेतलं होतं.

दर रविवारी सकाळी मिहिरच्या माडीवर तिघं जमू लागले. आणि पहिल्याच रविवारी कळलं की हे अवघड आहे.

अतुलला चाली पाठ व्हायला वेळ लागला नाही. अडचण वेगळीच होती. त्याच्या हातात त्याचा बाप बसलेला होता. कडुबांनी सूर लावला की अतुल सहाही तारांवर तुटून पडायचा. मिहिर दोनदा बोलला, तिसऱ्यांदा मात्र वाजवणं थांबवून म्हणाला, "अतुलदादा, खालचे सूर मी वाजवतोय. तेच तुम्ही परत वाजवता. ताल तर आपल्या पायातच आहे, तो ठोकून दाखवायची गरज नाही. तुम्ही मधले दोनच सूर द्या. तेही अधूनमधून."

"मग मी करू काय बाकीच्या वेळात?"

"ऐका," मिहिर म्हणाला.

अतुल हसला, पण त्याला ते लागलं होतं. चाळिशी ओलांडलेल्या, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला कुणी 'ऐका' म्हटलेलं आवडत नाही.

दीड महिना असाच गेला. कडुबांचा श्वास आखूड होत चालला होता. ते एक ओळ वाजवायचे, थांबायचे, छाती वर-खाली व्हायची. आणि ते थांबले रे थांबले की अतुल घाबरून ती जागा भरून टाकायचा. जोरात, मोतीरामांसारखी. कडुबांना परत शिरायला फट सापडायची नाही. एका रविवारी त्यांनी क्लॅरोनेटचे तुकडे सुटे केले, फडक्यानं पुसले आणि पेटीत ठेवले.

"काय झालं मामा?" अतुलनं विचारलं.

"तुह्या बाजात मला दम घ्यायला जागाच नाय रे बाबा."

"माझा बाप असाच वाजवायचा," अतुल म्हणाला. त्याचा आवाज चढला होता.

"व्हय. मी ऐकलंय मोतीरामला. लई मोठा माणूस. पण त्याच्या म्होरं हजार लोक असायचे. इथं मी एकटा हाय."

अतुलनं मला खोळीत घातलं आणि निघाला. पुढचे चार रविवार तो गेला नाही. मी भिंतीला टेकून उभी होते.

चौथ्या आठवड्यात एके संध्याकाळी रूपाली त्याला काही सांगत होती. त्यांची मुलगी अपेक्षा बारावीत होती. तिला पुढं शिकायला पुण्याला जायचं होतं आणि ती बापाला विचारायला भीत होती. रूपालीची दोन वाक्यं झाली असतील, तोच अतुल म्हणाला, "हं, हं, कळलं. बघू आपण."

रूपाली त्याच्यासमोर येऊन बसली. मग शांतपणे म्हणाली, "ते म्हातारे काय चुकीचं बोलले हो? तुम्ही घरीबी असंच करता. मी जरा दम घेतला की तुम्हीच बोलायला लागता. माझं अर्धं बोलणं पोटातच राहतं."

अतुलनं उघडलेलं तोंड मिटलं. तेव्हा रूपालीनं उरलेलं अर्धं सांगितलं. ते पुण्याबद्दल नव्हतं. पोरगी रोज रडते, याबद्दल होतं. अतुलनं ते शेवटपर्यंत ऐकलं आणि मुलीला हाक मारली. तिघं खूप वेळ आत बोलत बसले.

दुसऱ्या दिवसापासून तो पाळीवर जायच्या आधी अर्धा तास मला घेऊन बसू लागला. दोन्ही जाड तारांना त्यानं हात लावणं सोडलं. दोन्ही बारीक ताराही सोडल्या. मधल्या दोन तारांवर दोन बोटं, बस. मला आधी वाटलं, हा मला विसरत चाललाय. मग एक गोष्ट त्याला सापडली आणि त्याच्याबरोबर मलाही. एक बोट जागेवर ठेवायचं आणि दुसरं फक्त एक घर मागं सरकवायचं. तेवढ्यानं अख्खा रंग बदलायचा. चालीला पुढं कुठं जायचंय ते ऐकणाऱ्याला कळायचं. इतक्या वर्षांत माझ्यावर एवढे घाव पडले, पण एवढ्याशा हालचालीनं एवढं काही होतं हे मला माहीत नव्हतं.

सूर दिला की तो बोटं जरा सैल करायचा आणि तारा मुक्या व्हायच्या. ती मुकी जागा त्याला फार जड जायची. कपाळावर घाम यायचा. पाय ताल धरायचा, ओठ मोजायचे आणि हात मात्र थांबलेला. सहा तारा बडवून तो जेवढा थकत नसे तेवढा असं थांबून थकायचा. मीही थकायचे.

पाचव्या रविवारी तो माडीवर गेला आणि मला घेऊन कोपऱ्यात बसला. कडुबांनी एक चाल पूर्ण वाजवली, मधे चारदा थांबून. चारही वेळा अतुलनं जागा सोडली.

कडुबा म्हणाले, "आता बोलव आमच्या मंडळीला, गोजरबाईला."

कार्यक्रम पुंडलिकनगरच्या एका वाचनालयाच्या खोलीत झाला, रविवारी सकाळी दहाला. चाळीस खुर्च्या, त्यातल्या निम्म्या भरल्या. बँडमधले जुने सोबती इस्त्रीचे शर्ट घालून आले होते. पहिल्या रांगेत मधोमध गोजरबाई, पदर नीट घेऊन, तहसील कचेरीत बसल्यासारख्या ताठ. कडुबांनी आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसून वाजवायला सुरुवात केली.

पहिली चाल नीट गेली. दुसरीच्या मध्यावर त्यांचा श्वास संपला. आधी संपायचा तसा नाही. क्लॅरोनेट मांडीवर आली, तोंड उघडं, डोळे जमिनीवर. मिहिरनं अतुलकडं पाहिलं. गोजरबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

अतुलचा उजवा हात माझ्या तारांवर उचललेला होता. मला माहीत होतं, त्याच्या आत काय उठलंय. सहाही तारा ओढायच्या, खोली भरून टाकायची, म्हणजे कुणाला कळणार नाही. त्यानं ते केलं नाही. त्यानं दोनच सूर दिले, हलके. मग थांबला. परत दोन. मिहिरचा बेस त्याच्याखाली चालत राहिला. अतुल कडुबांच्या छातीकडं बघत होता आणि ती जशी वर-खाली होत होती तसे सूर टाकत होता. चाल अख्खी एकदा अशीच फिरली, रिकामी.

मग कडुबांनी क्लॅरोनेट उचलली. खालचा, जाड, घोगरा सूर लावला. तीन सूर, मग श्वास. दोन सूर, मग श्वास. त्या श्वासांचा आवाजही त्या चालीतलाच वाटत होता. त्यांनी ती पूर्ण केली.

गोजरबाई जवळ आल्या. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "असं वाजवता व्हय तुम्ही? मला वाटलं, तुमचं बी त्या ढोलासारखंच असतंय."

"झालं ना ऐकून?" कडुबा म्हणाले. "मग आता बास."

ते खरंच बास होतं. त्यानंतर त्यांनी क्लॅरोनेट तोंडाला लावली नाही. आता ते घरी कॉटवर असतात. उशाशी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असतं. अपेक्षा पुण्याला गेली. मिहिरला वेळ मिळेल तेव्हा तो येतो. अतुल मात्र दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, मला घेऊन जातो. गोजरबाई लसूण सोलत असतात. अतुल फार वाजवत नाही. दोन सूर देतो आणि थांबतो. कडुबांचं एक बोट चादरीवर हलतं. पुढची ओळ ते मनात वाजवतात. ती संपली की अतुलकडं बघतात आणि मग अतुल पुढचे दोन सूर देतो.

माझ्या पोटाला आतून तडा गेलाय. मान वाकलीय. मागच्या महिन्यात अतुलनं क्रांती चौकाजवळच्या एका कारागिराला दाखवलं. त्यानं मला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, वरची फळी नवी घालावी लागेल. नवीन लाकूड मोकळं व्हायला एखादं वर्ष घेईल, मग छान बोलेल. अतुल हो म्हणाला. पुढच्या आठवड्यात मला तिकडं ठेवायचं ठरवतोय.

तुमच्यापैकी कुणाला तो भेटला तर एवढं सांगा त्याला. म्हणावं, घाई करू नकोस. कडुबांजवळ एवढं वर्ष असेल असं मला वाटत नाही. गुरुवारपुरते दोन सूर माझ्यात अजून आहेत. ते गुरुवार संपले की मग खुशाल उघड मला, नाहीतर टांगून ठेव भिंतीला. मी काही म्हणणार नाही.