तीन पाय आणि एक न थांबणारं तोंड

मी एक जुना लाकडी स्टँड आहे. कॅमेरा ज्याच्या डोक्यावर बसतो, तो. मित्रांनो, कॅमेऱ्याचं आत्मवृत्त तुम्ही शाळेत कधीतरी लिहिलं असेल. माझं कुणी लिहीत नाही. म्हणून शेवटी मीच सांगायला बसलो आहे. म्हणजे उभाच आहे, मला बसता येत नाही.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. तो एरवी खुर्च्या करायचा. माझे तीन पाय झाल्यावर चौथा राहून गेला असं त्याला सारखं वाटे, आणि तो माझ्याकडे जरा अपराधी नजरेने बघे. माझी पहिली नोकरी एका फोटो स्टुडिओत. तिथे अख्खी कुटुंबं केस विंचरून, पोटं आत ओढून उभी राहत. फोटो चांगला आला की म्हणत, "काय कॅमेरा आहे!" फोटो हलला की मालक म्हणे, "या स्टँडचं काहीतरी केलं पाहिजे." नाचता येईना अंगण वाकडं, ते हेच. त्या दुकानातलं अंगण मी होतो.

पुढे सगळ्यांच्या खिशात फोन आले आणि स्टुडिओ बंद पडला. माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे कोळ्यांनी माझ्या पायांमध्ये घरं बांधली, आणि भाडं म्हणून एक माशीसुद्धा दिली नाही. मी फार खचलो होतो. तेवढ्यात एक बाई मला शोधत आली. तिने मला पुसलं, तेल दिलं, आणि मी तिचा झालो.

आमच्या बाईंचा छंद न्यारा. त्या बंद पडलेल्या कारखान्यांचे फोटो काढतात, तेही काळेपांढरे, फिल्मवर. बर्फाचा कारखाना, साबणाचा कारखाना, काचेची भट्टी. जिथे कुत्रंसुद्धा जात नाही तिथे आम्ही जातो. "रंग काढून घेतला की आकार दिसायला लागतात," असं त्या म्हणतात. त्यांचे यजमान म्हणतात, "रंगीत फिल्म परवडत नाही का गं?" आणि सासूबाई म्हणतात, "लोकांच्या सुना फुलांचे फोटो काढतात. आमची धुराड्याला म्हणते, जरा डावीकडे."

अशा पडक्या जागी उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात कॅमेरा जराही हलला तर फोटो गेला. तेव्हा बाई वाकून माझे पाय एकेक करून घट्ट धरतात. अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी म्हण आहे. यातलं गाढव कोण, ते मी सांगत नाही.

बाईंचा एक कडक नियम होता. फोटोत माणूस नको. कबूतर चालेल, पण माणूस नको. एकदा एका वॉचमनला त्यांनी खांबामागे उभं केलं आणि विसरल्या. बिचारा जेवायच्या वेळेपर्यंत तिथेच होता.

आता मुख्य गोष्ट सांगतो. बिस्किटांचा एक जुना कारखाना दुसऱ्या दिवशी सकाळी पाडायचा होता. बाईंचं प्रदर्शन जवळ आलं होतं आणि त्यांना त्याच्या पॅकिंगच्या दालनाचा फोटो हवाच होता. आदल्याच आठवड्यात त्या बघून आल्या होत्या. फरशीवर धुळीचा जाड थर, त्यावर कबुतरांची पावलं, आणि मधोमध कुणाचातरी एकच बूट. त्या बुटाबद्दल त्या घरी इतकं बोलल्या, की यजमानांनी आपले बूट मोजून पाहिले.

निघताना सासूबाई ठेवणीतले कपडे घालून दारात उभ्या. "मीही येते. आमचाच कारखाना तो." त्यांनी तिथे पॅकिंगमध्ये नोकरी केली होती, अगदी लग्नाआधीपासून ते कारखान्याला कुलूप लागेपर्यंत. बाई नाही म्हणू शकल्या नाहीत.

पोहोचल्यावर बाई मला घेऊन बाहेर धुराडं टिपायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "तुझं चालू दे, मी आत जाऊन बसते." त्या माउलीला बसणं माहीत नाही, हे आम्हाला कळायला हवं होतं.

आम्ही आत गेलो तेव्हा दालन लखलखत होतं. सासूबाईंनी वॉचमनकडून खराटा मागून घेतला होता. कबुतरांची पावलं गेली. कोळ्यांची जाळी गेली. खोकी एकावर एक रचून ठेवलेली.

"आई! हे काय केलंत?"

"काय म्हणजे? फोटो काढायचा तर आवरायला नको? चार लोक बघणार."

"आणि इथला बूट?"

"एकच होता गं. दुसरा खूप शोधला, नाही सापडला. मग टाकला."

"अहो, मला ती धूळ हवी होती!"

"धूळच हवी होती, तर एवढ्या लांब कशाला आलीस? तुझ्या कपाटावर आहे की."

बाई मटकन खाली बसल्या. मला वाईट वाटलं, पण हसूही येत होतं. माझे पाय थरथरले ते म्हणूनच. आणि तेवढ्यात बाईंनी वर पाहिलं. खराट्याने उडवलेली धूळ अजून हवेत होती, आणि फुटक्या छपरातून ऊन तिच्यातून तिरपं खाली उतरत होतं. फरशीपर्यंत उजेडाचे पट्टेच्या पट्टे. बाईंनी घाईघाईने मला उभं केलं, पाय धरले, कॅमेरा चढवला. फिल्मवर एकच फोटो उरला होता. त्यांनी बॅगेत हात घातला, तर नव्या फिल्मच्या डब्यांच्या जागी जेवणाचा डबा.

"त्या डब्या होय?" सासूबाई म्हणाल्या. "त्या मी घरी काढून ठेवल्या. डबा बसत नव्हता."

बाईंनी डबा परत बॅगेत ठेवला. राग जेव्हा शब्दांच्या पलीकडे जातो तेव्हा माणूस फक्त नाकाने श्वास घेतो. मग त्या म्हणाल्या, "आई, जरा बाजूला व्हा. हा शेवटचा आहे."

सासूबाई हलल्या नाहीत. फरशीत जिथे पूर्वी बिस्किटं वाहून आणणारा पट्टा बसवलेला होता, तिथल्या भोकांशेजारी त्या उभ्या होत्या. "माझा काढशील?" त्या म्हणाल्या. "इथे माझी उभ्याउभ्या हयात गेली. घरात माझे फोटो आहेत, पण सगळे कुणाच्या तरी मागे उभी असलेले. इथला एकही नाही. उद्या हे पाडल्यावर कुणाला दाखवू, मी कुठे होते ते?"

मित्रांनो, माझ्या लाकडाने ओल धरली. एकीकडे असा उजेड, जो पुन्हा मिळणार नव्हता. दुसरीकडे सासूबाई. आणि धूळ तर खाली बसत चालली होती. बाईंनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "तिथेच थांबा. पण हलायचं नाही, आणि बोलायचं तर अजिबात नाही."

कॅमेऱ्याचा डोळा उघडला. सासूबाई ताठ उभ्या राहिल्या. मी जन्मात उभा राहिलो नसेन इतका घट्ट उभा राहिलो. आणि मग आवाज आला.

"खिडकीशी ती गाणारी असायची बघ..."

"आई, बोलू नका!"

"बोलत कुठे आहे? सांगतेय. तिच्या शेजारी जुळ्यांची आई. इकडे ती रडकी, सारखी रडायची, पण हात काय चालायचा तिचा..."

डोळा मिटेपर्यंत सासूबाई सांगत होत्या.

फोटो धुऊन आला. उजेडाचे पट्टे आले, भिंतीची वीट न् वीट आली, सासूबाईंच्या बांगड्यासुद्धा मोजून घ्याव्यात. फक्त तोंडाच्या जागी एक धूसर डाग. बाईंनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. पण वीट स्पष्ट आणि तोंड अस्पष्ट, यात स्टँडचा दोष कसा निघणार? निर्दोष सुटण्याची माझी ती पहिलीच वेळ.

प्रदर्शनात बाईंनी तो फोटो दाराआड लावला. मला शोभेसाठी कोपऱ्यात उभं केलं होतं, आणि लोक माझ्यावर छत्र्या अडकवत होते. सुटाबुटातले पाहुणे रिकाम्या दालनांपुढे हनुवटी धरून "वा" म्हणत होते. तेवढ्यात पाच-सहा म्हाताऱ्या आत शिरल्या. सासूबाईंनीच बोलावलेल्या. इकडेतिकडे न बघता त्या थेट दाराआड गेल्या.

"तोंड हललंय. म्हणजे तीच!" पहिली म्हणाली, आणि सगळ्या खदखदून हसल्या.

मग एकीने फोटोतल्या रिकाम्या फरशीवर बोट ठेवलं. "इथे मी."

"चल! तिथे मी होते. तू खिडकीशी."

"खिडकीशी मी होते गं, गाणं कोण म्हणायचं?"

भांडण जुंपलं. पाहुणे रिकामी दालनं सोडून तिकडे जमले. बाई आधी ओशाळल्या, मग ऐकत राहिल्या, आणि मग माझ्याकडे आल्या, सगळ्या छत्र्या काढून जमिनीवर ठेवल्या आणि मला उचललं. म्हाताऱ्या फोटोसमोर रांगेत उभ्या राहत होत्या, जशा पट्ट्याशी उभ्या राहायच्या तशा. जुळ्यांची आई आणि सासूबाई यांच्यामध्ये त्यांनी एक जागा मोकळी सोडली. ती रडकी गेल्या वर्षी गेली होती.

"बोलू नका म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "बोला."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी वर्षानुवर्षं कुठेतरी उभं राहून काम केलेलं असेल. त्यांना आजच विचारा, नेमकं कुठे, आणि शेजारी कोण होतं. भिंत पडेपर्यंत थांबू नका, जागा मोकळी होईपर्यंत तर मुळीच नको. आणि कॅमेरा घेऊन गेलात, तर मलाही न्या. ती माणसं हलतील, बोलतील, हसतील, रडतील. न हलण्याचं काम माझ्याकडे द्या.