माळवदावर चढलेलं टेकाड

आमच्या घरांना आडवा आला कोण, तर दोन हजार वर्षांचा इतिहास. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वस्तीत माणसं जगली की मेली हे बघायलाही न फिरकलेल्या आण्णासाहेबांना दहा वर्षांनी एकदम या इतिहासाचा पुळका आला.

गावाबाहेर पांढरीचं टेकाड आहे, जुनं गाव मोडून मातीला मिळालेलं. आता उरलाय नुसता उंचवटा. तिथं आम्हा बौद्धांच्या गृहनिर्माण संस्थेला जागा मंजूर झाली आणि विकास सोसायटीचे चेअरमन आण्णासाहेब यांनी अर्ज ठोकला: जागा प्राचीन आहे, बांधकाम थांबवा. खरं दुखणं वेगळंच होतं. मळ्याकडं जाता-येता त्यांना आमची दारं बघायची नव्हती.

संस्थेच्या अध्यक्ष माझ्या सासूबाई, पुतळाबाई. त्यांनी आदळआपट केली नाही. कचेरीत खेटे घालत राहिल्या. न्हाय म्हणायचं तर आधी खांदून बघा आन् मग म्हणा, एवढंच त्यांचं मागणं. शेवटी पुरातत्त्व खात्याचे साहेब आले. जमिनीत जुनं काही निघालं, की घरांवर पाणी पडणार होतं.

चर खणायला घेतला. हातभर खाली जातोय तोच कुदळ मुरमाला लागली. वीट नाही, खापर नाही. दुसरीकडं खणलं, तिथंही तेच. वरचे थर गेले कुठं, हे साहेबांना कळेना.

आण्णासाहेब इरेला पेटले. गड्याकडून घरचा डबा आणवला आणि साहेबांपुढं रिकामा केला. त्यात मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीची एक बाहुली. साहेबांचे डोळे लकाकले. नेमकं कुठं सापडलं, त्यांनी विचारलं. आण्णासाहेब अडखळले. मग म्हणाले, आमच्या पन्हळीखाली. पावसात माळवदावरनं वाहून येतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घर गळू नये म्हणून माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, पांढरीची माती घालतात, आणि आण्णासाहेबांचं माळवद गावात सगळ्यांत मोठं. अख्खं टेकाड पिढ्यानपिढ्या तिथं चढलं होतं. मला हसू आवरेना.

सासूबाई हसल्या नाहीत.

"साहेब, ही माती माझ्या सासूनं वेठीला वाहिली," त्या म्हणाल्या. "पोटुशी असताना बी डोक्यावर पाटी होती. तवा कुणी म्हणलं न्हाय, जुनी माती हाय, हात लावू नका."

साहेबांनी घरांना हरकत नाही असं जागेवरच सांगितलं आणि मग आण्णासाहेबांना अदबीनं विचारलं, तुमचं माळवद बघायला कधी येऊ?

दुसऱ्या दिवशी आम्ही पाया खणायला लागलो. पहिली पाटी भरली तशी मी उचलायला वाकले. सासूबाईंनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "ही आपल्या घराची हाय. ही म्या नेते."