सावडीचा बैल

दसरूने बैलाच्या फुगलेल्या डाव्या कुशीवर तळहात थापला, तसा ढोलासारखा आवाज निघाला. बैल मान लांबवून उभा होता. तोंडातून फेस गळत होता.

"अजी, याले का चारलं तुमी?" त्याच्या बायकोने, बुधरीने, दारातूनच विचारले.

"तू आणलेला चोथा. दुसरं का?"

"तो वाळवाले ठेवला होता ना मी! कोंड्यात कालवून मूठमूठ द्याचा होता. केवढा देल्ला?"

दसरूने रिकाम्या टोपल्याकडे बोट दाखविले.

"पाहुण्या बैलाले जेवू घालता का खड्ड्यात घालता?" बुधरी कडाडली.

बुधरी गावातल्या बचतगटाच्या केंद्रात जांभळाचा गर काढण्याच्या कामावर जात असे. गर निघाल्यावर उरलेल्या साली-बियांचा चोथा बायांनी घरी न्यावा, अशी तेथे मुभा होती. त्या चोथ्याचा आंबूस वास दसरूला ओळखीचा वाटला. नांगरणीच्या दिवसांत बैलाला टोपलेभर मोहफुले शिजवून चारावीत, ही वाडवडिलांपासूनची रीत. तीच रीत त्याने बिनदिक्कत जांभळाला लावली.

तथापि बैल त्याचा असता, तर गोष्ट निराळी होती. बैल लच्छूचा होता. दोघांच्याही गोठ्यात एकेकच बैल. एकमेकांचे बैल जुंपून सावड केली की जोडी होई आणि दोन्ही घरांची धानाची बांधी नांगरून निघे. ज्याच्या बांधीत नांगर, त्याने दोन्ही बैलांचा चारा करावा आणि परक्या बैलापुढे आधी व अधिक ठेवावे, असा शिरस्ता होता. दसरूने तो मनोभावे पाळला. टोपले लच्छूच्या बैलापुढे रिकामे झाले आणि बुडाशी उरलेले चार घास त्याच्या स्वतःच्या बैलाला मिळाले. तो आता सावलीत निवांत रवंथ करीत बसला होता. तो रवंथ पाहून लच्छू काय समजेल, या विचाराने दसरूने नजर वळविली.

"लच्छूभाऊले सांगा," बुधरी म्हणाली.

"थांब ना जरा. उतरते का पाहू."

"मंग का बैल पडल्यावर सांगता?"

ती स्वतःच निघाली. दसरूने बैलाच्या जबड्यात आडवी काठी बांधली, बांबूच्या नळीने जवसाचे तेल पाजले आणि चढाच्या वाटेने त्याला चालवू लागला. बैल दोन पावले टाकी आणि थांबे. त्याचे पुढचे गुडघे लटपटले, तेव्हा दसरूने आपला खांदा त्याच्या छातीला लावला. 'आता खाली बसू नको, बाबा,' एवढेच तो पुटपुटत राहिला.

लच्छू धावत आला आणि काही न विचारता त्याने बैलाची कूस चोळायला घेतली. बऱ्याच वेळाने बैलाने मोठा ढेकर दिला, मग आणखी एक. कूस हळूहळू ओसरली. बैलाने शेण टाकले, तेव्हा कुठे दोघे खाली टेकले.

"का चारलं?" लच्छूने विचारले.

"जांभळाचा चोथा."

"अन् तुह्या बैलाले?"

"त्यालेबी... थोडासा. तुहा बैल पाहुणा, म्हणून त्याले टोपलंभर देल्ला."

बोलणे अक्षरशः खरे होते. पण उच्चारताना दसरूला आपलेच शब्द खोटे वाटू लागले. लच्छू सावलीतल्या बैलाकडे पाहत होता.

"बरा आहे तुहा," तो म्हणाला आणि दावे सोडून आपल्या बैलाला घरी घेऊन गेला.

दुसरा दिवस बैलाच्या विसाव्यात गेला. अर्धी बांधी तशीच पडून होती. लच्छू आता येतो की सावड मोडतो, या घोरात दसरू दिवसभर वाटेकडे पाहत राहिला.

तिसऱ्या सकाळी लच्छू बैल घेऊन आला. दसरूचा जीव भांड्यात पडला. तो लगबगीने सामोरा गेला.

"जोहार, लच्छूभाऊ."

"जोहार."

लच्छूच्या डोक्यावर घरून आणलेला तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, भारा होता. तो त्याने खाली उतरविला आणि आपल्या बैलाच्या खुंट्याजवळ नीट रचून ठेवला. बुधरी कोंड्याची बादली घेऊन दारात आली होती. भाऱ्याकडे पाहून ती तशीच आत वळली.

दसरूने जू उचलले. लच्छूने आपल्या बैलाची मान स्वतःच्या हाताने त्याखाली दिली.