डाव्या कानाची दाद

आमगावच्या स्वरकुंज मंडळाचे बावीस सभासद होते. त्यातले पाच-सहा गाणं ऐकायला येत आणि उरलेले, आपल्याला गाणं कळतं हे दाखवायला. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणारे शालीकराम बिसेन पहिल्या गटात मोडतात, असा सर्वांचा समज होता. हा समज त्यांनी एकवीस वर्षं तळहातावरच्या फोडासारखा जपला होता आणि आता त्याचं फळ मिळायची वेळ आली होती. संस्थापक अध्यक्ष घनश्याम कटरे गुडघ्यांमुळे पद सोडणार होते. गादी बिसेन सरांचीच, हे ठरल्यासारखंच होतं.

ते ठरलं एका 'वाह'मुळे. डिसेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी नागपूरचे एक वयोवृद्ध गवई मंडळात गायला आले होते. विलंबित ख्याल इतका विलंबित होता, की खताच्या दुकानाचे मालक कैलाशभाऊ दोनदा घोरून, ताजेतवाने होऊन परत ऐकायला लागले. अशात पहिल्या रांगेतून बिसेन सरांच्या तोंडून एकदम निघालं, "वाह! क्या बात है!" गवयांनी डोळे उघडले, थेट सरांकडे पाहून हात जोडले आणि माइकवर म्हणाले, "कोमल धैवताची ही जागा पुण्यातसुद्धा कोणी ओळखत नाही. आमगावनं ओळखली." कटरे सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढे अर्ध्या तासाने सभागृहावरून एक वरात गेली, धुमालसकट. ज्यांनी धुमाल ऐकला नसेल त्यांनी आपल्या नशिबाचे आभार मानावेत, असं मंडळाचं अधिकृत मत होतं. पिकअप गाडीवर रचलेले भोंगे, रंगीत दिवे, पुढे ढोल-ताशे, आणि गाडीत बसून कळा दाबत तारा छेडणारा बेंजोवाला, ज्याच्या एकेका सुरावर नवरदेवाचे मित्र रस्त्यावर लोळण घेतात. वरात सभागृहासमोर वीस मिनिटं थांबली. खिडक्या थरथरल्या, तंबोरा आपोआप वाजू लागला. गवयांनी द्रुत अर्ध्यावर सोडलं आणि पुढची गाडी पकडली. जाताना त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला नाही. यावरून त्यांना किती लागलं असेल ते मंडळाने ओळखलं.

म्हणून पुढच्या रविवारी सकाळी सभा भरली. विषय दोन: पोलिसात तक्रार आणि नवा अध्यक्ष. चिवडा आणि चहा विषयपत्रिकेत नव्हते, पण त्यांच्यावर आधी चर्चा झाली.

शाळेत संगीत शिकवणारी चिटणीस रुची अर्ज लिहीत होती. तिने पेन थांबवला. "धुमालवाल्यांचं नाव काय लिहू? गाडीवरचा फलक कोणी वाचला का?"

कोणीच वाचला नव्हता. वाचायला खिडकीशी जावं लागलं असतं, आणि खिडकीशी जाणं म्हणजे ऐकणं.

"सालेकसावाल्याइचं टाका जी," कैलाशभाऊ म्हणाले. "तो लखन बेंजोवाला हाय ना, त्याच्या पार्टीचं."

"पण तेच होते कशावरून?"

"अजून कोण राहते? तेच तं फेमस हायेत!"

हा पुरावा सभेला पटला. "एकदा नाव गेलं ठाण्यात, तं होळीलोक परवानगी भेटत नाई त्याइले," असं कैलाशभाऊंनी समाधानाने सांगितलं. कटरे सर म्हणाले, "उत्तम. हा अर्ज नव्या अध्यक्षांच्या सहीनेच जावा. शालीकराम, पेन घ्या."

बिसेन सरांनी पेन घेतला. तो त्यांच्या हातात जड झाला.

कारण त्यांच्या मोबाइलमध्ये 'विलंबित' नावाचं एक फोल्डर होतं आणि त्यात दोनशे चौदा धुमाल होते. चार वर्षांपूर्वी कोहमाऱ्याच्या चौकात एका वरातीमागे अडकले असताना हे व्यसन लागलं. तेव्हापासून ते अनोळखी लोकांच्या लग्नांना जात, मांडवापर्यंत वरातीच्या मागे चालत आणि न जेवता परत येत. नवरदेव कोण होता हे त्यांना कधीच ठाऊक नसे. बायको सत्यभामाला वाटायचं, सरांना समाजात ऊठबस आवडायला लागली. 'मंद्रसप्तक' या नावाने ते व्हिडिओंखाली अभिप्रायही लिहीत: "ताशा उत्तम. अंतऱ्यात घाई टाळावी."

आणि त्यांना पक्कं ठाऊक होतं, त्या संध्याकाळी आमगावात वाजवणारा लखन नव्हता. लखन त्याच वेळी देवरीला वाजवत होता.

सही केली तर अध्यक्षपद, भिंतीवर फोटो, पुढच्या गवयाशेजारी बसून जेवण. आणि होळीपर्यंत लखन बंद. सरांनी लखनच्या पार्टीतल्या अकरा जणांच्या पोटापाण्याचाही विचार केला. पण खरं सांगायचं तर तो नंतर केला.

"सालेकसावाले नव्हते ते," सर म्हणाले.

"तुमाले कसं माहीत जी?"

"बेंजो तुटक होता. टाइपरायटरसारखा. लखन तारेला मागून ताण देतो. त्याच्या बेंजोतून मींड निघते, सूर सुरावर घसरत जातो."

मींड हा शब्द या सभागृहात धुमालाशेजारी पहिल्यांदाच बसला होता आणि दोघंही अवघडले होते.

"यानं काय होते?" कैलाशभाऊंना आता संशयाचा वास आला होता. "ठाणेदाराले मींड सांगाल का? पक्का सबूत हाय का?"

"आहे. तो त्या वेळी देवरीच्या लग्नात वाजवत होता. मोबाइलवर लाइव्ह चालू होतं. मी पाहत होतो."

"कधी पाहत होते?" रुचीने विचारलं. तिने हे भाबडेपणाने विचारलं, म्हणून जास्त लागलं.

"ख्याल चालू असताना, पार वरात येईपर्यंत. म्हणजे पाहत नव्हतो. ऐकत होतो. डाव्या कानात, इअरफोनवर. वरून मफलर होता."

कटरे सर हळूहळू उभे राहिले. गुडघे दुखत असताना माणूस उभा राहतो तेव्हा प्रकरण गंभीर असतं. "शालीकराम," ते म्हणाले, "ती तुमची वाह. ती कोमल धैवताला नव्हती?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. उजवा कान मोकळाच होता की.

"नाही सर," बिसेन सर म्हणाले. "लखनच्या मींडेला होती."

"बाप्पा!" मागून कोणीतरी म्हणालं.

"बेंजोवर मींड?" कटरे सर पुटपुटले. "कशी शक्य आहे?" पण हा विषय विषयपत्रिकेत नव्हता.

अध्यक्षपदी कैलाशभाऊंची एकमताने निवड झाली. ज्यांनी गाण्यात फक्त झोप घेतली, त्यांच्या निष्ठेवर शंका घ्यायला जागाच नव्हती. त्यांनी पहिल्या भाषणात 'अभिजात' हा शब्द तीनदा आणि तीन प्रकारे उच्चारला. तक्रार अज्ञात धुमालाविरुद्ध गेली.

ती चार दिवसांत परत आली. ठाण्यातला हवालदार म्हणाला, "अज्ञात धुमालले कसं पकडाचं जी? ओळखणारा मानूस द्या."

तालुक्यात असा माणूस एकच होता. मंडळाने ठराव केला, की प्रायश्चित्त म्हणून शालीकराम बिसेन यांनी यापुढे आमगाव तालुक्यातल्या प्रत्येक वरातीत जातीने हजर राहावं, धुमाल जवळून, शेवटपर्यंत ऐकावा आणि लेखी अहवाल द्यावा. शिक्षा ऐकताना सरांनी मान खाली घातली. ती बराच वेळ वर केली नाही, कारण चेहरा लवकर जागेवर येईना.

पहिलीच वरात पुढच्या गुरुवारी दुपारी, आमगावच्या भर बाजारातून. सालेकसावाले. सर वही-पेन घेऊन थेट भोंग्याखाली उभे राहिले. लखनने बेंजोवरून वाकून पाहिलं. वीस-बावीस वर्षांचा, गळ्यात गमछा.

"सर, तुमीच का जी आमचं नाव वाचवलं ते?"

"मी मंडळाचा निरीक्षक आहे," सर कोरडेपणाने म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मंद्रसप्तकही मीच."

लखनचे डोळे मोठे झाले. "अंतऱ्यात घाई करतो म्हनून लिवणारे? दोन महिने झाले सर, त्याच्यावरच मेहनत करून राहिलो. ऐका आता!"

आणि त्याने ऐकवलं. अंतरा संथ आला, तारेला मागून ताण बसला, सूर खालून वर असा सरकत गेला की एक ताशेवाला वाजवायचंच विसरला.

समोरच्या खताच्या दुकानाच्या पायरीवर नवे अध्यक्ष उभे होते. त्यांच्या शेजारी खुर्चीवर कटरे सर बसले होते, युरियाची चौकशी करायला आले होते म्हणे, आणि मान वळवून बेंजोकडेच बघत होते.

बिसेन सरांच्या गळ्यात आज मफलर नव्हता. दोन्ही कान मोकळे होते.

"वाह!" ते सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडले. "क्या बात है!"

या खेपेला ती दाद कोणाला होती, याबद्दल आमगावात कोणाचाही गैरसमज झाला नाही.