न हलणारा बिंदू

दोन वर्षांपूर्वी दुर्गेशचे दात सरळ करून, तारा काढून, महाल भागातल्या दातांच्या दवाखान्याने त्याला हसतमुखाने निरोप दिला होता. आता सव्विसाव्या वर्षी तो परत आला तो समोरच्या दातांत फटी आणि पुढे आलेला खालचा जबडा घेऊन. कामठीहून आई, पार्वतीबाई, सोबत आली होती. मुलाची बाजू घ्यायला नव्हे, त्याची तक्रार सांगायला.

दवाखान्याच्या डॉक्टर शामला मॅडमनी तोंडात आरसा फिरवला आणि निकाल दिला: दात जागी धरून ठेवणारी प्लेट रात्री लावली नाही, म्हणून दात मूळ जागी परतले. हे वाक्य त्या रोजच कुणाला तरी ऐकवत, आणि बहुधा ते खरेच असे. नवा एक्स-रे जुन्याशी ताडण्याचे काम हाताखालच्या स्वानंदवर सोपवून त्या शेजारच्या खुर्चीकडे वळल्या.

"मी रोज लावत होतो," दुर्गेश मान खाली घालून म्हणाला.

"खोटं काहून बोलून राहिला गा डॉक्टरसमोर?" पार्वतीबाई म्हणाल्या. मग स्वानंदकडे वळून त्यांनी सगळेच गाऱ्हाणे मांडले. याचे ध्यान कुठे राहते कोण जाणे. चालता चालता चौकटीला खांदा मारतो, ताटाजवळचा पेला सांडवतो. लग्नाचे वय झाले, अन् जोडे मात्र शाळेतल्या पोरासारखे दरसाल मोठे लागतात.

स्वानंद नुसता हसला. चेहऱ्यांपेक्षा त्याला एक्स-रे जवळचे वाटत. हाडे उत्तराची वाट पाहत नाहीत.

कवटीच्या तळाशी, डोळ्यांच्या मागे, घोड्याच्या खोगिरासारखी एक खळगी असते. वय वाढले तरी तिच्यात बदल होत नाही, असे धरून तिच्या मध्यावर बिंदू द्यायचा, दोन्ही एक्स-रेंतले बिंदू एकावर एक ठेवायचे आणि बाकीचे काय सरकले ते पाहायचे, ही या कामाची रीत. ज्याच्या आधारावर सारे मोजायचे, त्याच्याकडे मग कुणी पाहत नाही.

बिंदू जुळले. वरचा जबडा जुळला. खालचा मात्र जुन्या रेषेच्या पुढे गेला होता, आणि नुसते दात नव्हे, हाडच. प्लेट चुकली तर दात सरकतात. हाड लांबत नाही. या वयात तर नाहीच.

त्याने संगणकाच्या पडद्यावरच्या सगळ्या रेषा पुसल्या आणि उघडे चित्र पाहिले. खळगी खळगी राहिलीच नव्हती. तिचा तळ खचला होता, मागची कड कागदासारखी झिजून कलली होती. शरीराची वाढ ठरवणारी ग्रंथी तिथेच बसते. तिच्यात गाठ वाढली की हात, पाय, जबडा वाढत राहतात. आणि गाठ वर चढली की डोळ्यांच्या नसा दबतात. आधी दोन्ही बाजूंची नजर जाते. समोरचे दिसत राहते, म्हणून माणसाला आपण काय गमावले तेही कळत नाही.

स्वानंदने मॅडमना हाक मारली. त्या आल्या. पडद्यावर खळगीच्या खचलेल्या तळाशी त्यांनी बोट नेले.

"प्लेट लावत होता हा," त्या हलकेच म्हणाल्या. "नजर तपास."

स्वानंद दुर्गेशच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ बसला.

"माझ्या नाकाकडेच बघा. बाजूला बोट हलताना दिसलं की सांगा."

त्याने दोन्ही हात पसरले आणि बोटे हलवू लागला. दुर्गेश शहाण्या मुलासारखा एकटक पाहत होता. हात जवळ येऊ लागले.

"सांग ना गा," कोपऱ्यातून पार्वतीबाई हसल्या. "मस्करी नको करू."

बोटे त्याच्या कानांच्या पुढे आली, गालांच्या जवळ आली, तरी हलतच होती. पार्वतीबाईंचे हसू विझले. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"करा ना सर सुरू," दुर्गेश म्हणाला. "मी बघून राहिलो."